परत फिरण्याची तयारी

आषाढ लागला की पुण्या-मुंबईच्या माणसाला सह्याद्रीची आठवण होते. शनिवारी रात्री पिशव्या भरल्या जातात, रविवारी पहाटे गाड्या निघतात, आणि दहाच्या सुमारास नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव या गावांच्या रस्त्यांवर जत्रेसारखी दाटी होते. कोणी माळशेजच्या धुक्यात शिरायला निघालेला असतो, कोणी भीमाशंकरच्या दर्शनाला. कोणाला शिवनेरीवर मुलांना न्यायचे असते, तर कोणाला नाणेघाटातले ते नवल पाहायचे असते, जिथे कड्यावरून खाली पडणारे पाणी वाऱ्याच्या झोताने उलटे वर उडते. हे सारे चांगलेच आहे. आठवडाभर चार भिंतींत कोंडलेल्या माणसाने एक दिवस डोंगर पाहू नये, असे कोण म्हणेल?

मात्र अशा वेळी धोक्याच्या गोष्टी सांगणारा माणूस कोणालाच आवडत नाही. लग्नघरात विम्याचा एजंट यावा, तसे त्याचे स्वागत होते. तरीही आज मी ते काम पत्करले आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत सहलीला येणाऱ्यांनी कोणती तयारी करून यावे, याविषयी मला थोडे बोलायचे आहे.

सुरुवात जुन्या पाहुण्यांपासून करतो. नाणेघाट हा सातवाहनांच्या काळचा व्यापारी रस्ता. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल हा घाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणच्या बाजूला जाई. या वाटेवर जागोजागी खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख वाचले, तर दान देणाऱ्यांत काही यवनांची नावे सापडतात. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या बाजूने आलेले परदेशी, असे अभ्यासक मानतात. त्यांपैकी इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिली. चित नावाच्या दुसऱ्याने भोजनमंडप करून दिला.

मला या इरिलचे फार कौतुक वाटते. परमुलखात आलेला हा माणूस. इथे पाऊस कधी पडतो, उन्हाळ्यात पाणी कुठे आटते, हे त्याने जाणून घेतले असणार. आणि आपल्यामागून येणाऱ्याला तहान लागेल, हे ध्यानात घेऊन त्याने खडकात पाणी साठवण्याची सोय केली. त्या काळी प्रवास आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. आपण मात्र खिशात फोन असला की सारी तयारी झाली, असे समजतो.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी बोलत नाही. मीच एकदा कसा फसलो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात कॉलेजातले दहा-बारा विद्यार्थी घेऊन मी नाणेघाटाला गेलो होतो. घाटघरच्या बाजूला आडवाटेने हिंडलो, लेणे पाहिले, लेखाविषयी मी माझे व्याख्यान दिले. सकाळी जाताना एक ओढा लागला होता. पाणी घोट्याएवढे, मुले हसत-खिदळत पार झाली. दुपारी पावसाने जोर धरला. चारच्या सुमारास परत फिरलो, तो ओढा मांडीएवढा झालेला. पलीकडे रस्ता दिसत होता. शेवटची एस.टी. चुकणार, या काळजीने मी घायकुतीला आलो होतो. "एकमेकांचे हात धरा," असे मुलांना सांगून मीच पहिला पाय पाण्यात घातला.

तेवढ्यात मागून हाक आली. डोक्यावर इरले घेतलेला एक म्हातारा गुरे घेऊन उभा होता. "ओ मास्तर, मागं या आधी! पाण्याचा रंग बघितला का?"

मी पाहिला. सकाळी नितळ असलेले पाणी चहासारखे लालसर झाले होते, आणि त्यावर पालापाचोळा, काटक्या वाहत येत होत्या. मी माघारी आलो खरा, पण मनात म्हाताऱ्याचा थोडा रागच आला होता. पाचएक मिनिटे गेली नसतील, आणि मुळांसकट उपटलेले एक झाड गिरक्या घेत आमच्या डोळ्यांसमोरून गेले. मी जिथे पाय ठेवला होता, तिथूनच गेले. मुले एकदम गप्प झाली. त्यांच्यातल्या कोणाकडे पाहण्याचे धैर्य मला होईना.

ती रात्र आम्ही त्या म्हाताऱ्याच्या घरी काढली. त्याच्या सुनेने एवढ्या माणसांसाठी भात रांधला, हुलग्याचे माडगे केले. पैसे विचारले तर म्हातारा म्हणाला, "पाणी रात्रीतनं उतरतंय. तुम्ही शहरातली माणसंच तेवढी थांबत न्हाई." सकाळी पाहिले तर ओढा पुन्हा घोट्याएवढा!

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण डोंगरात फोन लागत नव्हता, आणि आम्ही नेमके कुठे जाणार, केव्हा परतणार, हे मी कोणालाही लिहून दिले नव्हते. इकडे एका मुलीचे वडील रात्रभर या गावाहून त्या गावाला फिरत होते. दुसऱ्या दिवशी ते मला भेटले तेव्हा एक शब्दही बोलले नाहीत. नुसते मुलीचा हात धरून उभे राहिले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, तर मला हलके वाटले असते.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. पहिला नियम निघण्यापूर्वीचा. कुठे जाणार, कोणत्या वाटेने, बरोबर कोण, परत केव्हा येणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर चौकशी सुरू करायची, हे एका कागदावर लिहून घरी ठेवावे. हाच मजकूर पायथ्याच्या गावात एखाद्या दुकानदाराला तोंडी सांगावा. याला खर्च काही नाही. पण शोध घेण्याची वेळ आलीच, तर कुठे शोधायचे हे तरी कळते.

दुसरा नियम हवामानाचा. हवामान खाते जिल्ह्याजिल्ह्यांसाठी रंगांचे इशारे देते. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, तांबडा म्हणजे आता हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर तो जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्याही वर गेला तर अत्यंत जोरदार समजतात. नारिंगी किंवा तांबडा इशारा असताना घाटमाथ्यावर जाऊ नये, एवढे साधे गणित आहे. शिवाय या तालुक्यांची एक खोडी लक्षात ठेवावी. पूर्वेला नारायणगाव-मंचरकडे नुसती भुरभुर असते, तेव्हाच पश्चिमेला कड्यावर धो धो कोसळत असतो. म्हणजे आपल्या डोक्यावर ऊन असले, तरी ओढ्याला पूर येऊ शकतो. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही धोक्याच्या जागांवर बंदी घालतात. ती आपली मजा हिरावून घेण्यासाठी घातलेली नसते. पोलिसाची नजर चुकवून आत जाण्यात शौर्य काहीच नाही.

आता पाण्याविषयी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसालाही पाडते, आणि एकदा पाय सुटला की पोहणे येते की नाही, याला फारसा अर्थ राहत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती माणसे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी होती. मी माझ्या विद्यार्थ्यांना नेमके हेच करायला सांगितले होते, याची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहू लागला, किंवा ओढ्याचा आवाज बदलून घुमू लागला, तर जिथे असाल तिथून काठावर चढा आणि थांबा. धबधब्याच्या अगदी खाली उभे राहू नये. वरून पाण्याबरोबर दगडही येतात. माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी वरून कितीही शांत दिसले, तरी त्यात उतरू नये. तळ कुठे एकदम खोल जातो आणि कुठे गाळ आहे, हे काठावरून कळत नाही. आणि जुन्या पुलावर गर्दी दिसली तर त्या गर्दीत आपली भर घालू नये. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला, त्यात चौघे दगावले.

नाणेघाटाच्या कड्याविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तिथे वारा खालून वर येतो, आणि त्या वाऱ्यावर रेलून उभे राहण्याचा मोह तरुणांना होतो. पण वारा काही भिंत नव्हे. त्याचा झोत क्षणभर थांबला, की रेललेला माणूस पुढे झुकतो. कड्यापासून चार-पाच पावले मागे राहावे. ओल्या गवताखाली शेवाळलेला खडक असतो, म्हणून गुळगुळीत तळाची चप्पल तिथे कामाची नाही. फोटो काढायचा असेल तर कड्याकडे पाठ करून मागे सरकू नये. शेजारच्या जीवधन किल्ल्याच्या तुटक्या पायऱ्यांवर तर पावसात माहितगार माणूस आणि दोर असल्याशिवाय पाऊल ठेवू नये.

डोंगर स्थिर आहे, असे आपण समजतो. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावाने आपला हा समज पुसून टाकला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि गावाचा मोठा भाग त्याखाली गेला. १५१ माणसे दगावली. नेहमीप्रमाणे एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा जगाला ही बातमी कळली. माळीण हे सहलीचे ठिकाण नव्हते. ते लोकांचे घर होते. पण तिथून आपण शिकायचे ते हे, की सलग पाऊस पडत असताना डोंगराच्या उतारावर किंवा त्याच्या पायाशी तंबू ठोकू नये. जमिनीला नव्या भेगा दिसल्या, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा भलत्याच जागी पाणी फुटले, तर सामान गोळा करीत न बसता बाजूला निघावे. माळशेज घाटात दरडीखाली गाडी उभी करून भजी खाण्याची रीत आहे, तीही मोडायला हवी. भजी गावात येऊनही तितकीच छान लागतात.

जनावरांविषयी थोडे. जुन्नरचा बिबट्या आता नुसता जंगलात राहत नाही. उसात राहतो, उसातच वाढतो. माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र आहे. संध्याकाळनंतर उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये. हातात विजेरी असावी, बोलत बोलत जावे, लहान मुलांना मधे घ्यावे, आणि आडोशाला वाकून किंवा बसून राहू नये. शिवनेरी आणि लेण्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. तिथे धूर, फटाके, आरडाओरडा आणि उग्र अत्तर, चारही वर्ज्य. माश्या उठल्याच तर तोंड झाकून दूर पळावे आणि बंद जागेत शिरावे. काटा अंगात राहिला तर खरवडून लगेच काढावा. श्वास लागला किंवा चेहरा सुजू लागला, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, आणि सापाच्या विषावरची लस मिळते अशा रुग्णालयात तडक न्यावे. देवऋषाकडे घालवलेला तास परत मिळत नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरील उपचारांसाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. त्यांच्यासारख्या डॉक्टरांचे सांगणे हेच, की वेळ महत्त्वाचा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२, हे दोन आकडे पाठ असावेत. फोनची रेंज डोंगरात मिळेलच असे नाही, म्हणून शेवटचे गाव कोणते लागले, हे ध्यानात ठेवावे.

पावसाळा सरला म्हणजे धोका सरला, असेही नाही. मार्च ते मे या महिन्यांत नाणेघाट किंवा शिवनेरी भर दुपारी चढणारे लोक मी पाहतो, आणि मला दूरच्या एका बेटाची आठवण होते. ग्रीसमधले सीमी हे बेट. निळे पाणी, खडकाळ टेकड्या, सहलीचे नामांकित ठिकाण. जून २०२४ मध्ये मायकल मोस्ले नावाचे ब्रिटिश डॉक्टर तिथे सुट्टीवर गेले होते. दूरचित्रवाणीवरून आणि रेडिओवरून लोकांना आरोग्याच्या गोष्टी सांगण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. कडक उन्हाळ्यात दुपारच्या वेळी ते एकटेच चालत निघाले. फोन मुक्कामाच्या ठिकाणी राहिला होता. चार दिवसांनी, ९ जूनला, एका विश्रामस्थळाच्या जवळच त्यांचा मृतदेह सापडला. दुसऱ्यांना आरोग्य शिकवणारा माणूस, आणि मदत हाकेच्या अंतरावर! यातून त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्ञानी माणसालाही डोंगर आणि ऊन सवलत देत नाहीत, एवढेच यातून घ्यावे.

म्हणून उन्हाळ्यात पहाटे चढावे आणि दहापर्यंत खाली यावे. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा पंचा, मीठ-साखर आणि थोडा गूळ-दाणा जवळ असावा. डोके दुखू लागले, मळमळले, बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर त्या माणसाला सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि मदत बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. आणि कोणालाही एकटे सोडू नये. जथ्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने सर्वांनी चालावे, हा वारीतला शहाणपणा डोंगरातही लागू आहे.

आता शेवटचे सांगतो. आपण दरीत अडकलो, तर आपल्याला काढायला कोण येते? शासकीय पथक येते, परंतु त्याला यायला वेळ लागतो. पहिल्यांदा उतरतो तो त्याच गावातला एखादा पोरगा. भातलावणीचा चिखल पायाला तसाच असतो, कमरेला दोर बांधलेला असतो, आणि त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असते. आपण काठावर दाखवलेल्या धाडसाचे मोल बहुधा तो देतो. पैसे देऊन आपण जेवण विकत घेऊ शकतो, खोली घेऊ शकतो. पण दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा परवाना कोणत्याच भाड्यात येत नाही.

सहलीच्या सामानाची यादी प्रत्येकजण करतो. छत्री, कपडे, डबा, विजेरी. त्या यादीत एक गोष्ट आणखी लिहावी: परत फिरण्याची तयारी. कडा समोर असताना, सोबती हसत असताना, शंभर मैल गाडी हाकून आलेलो असताना "आज नको, पुन्हा येऊ" असं म्हणता येणे, ही सगळ्यांत अवघड तयारी आहे. ती डोंगरात गेल्यावर करता येत नाही. घरूनच करून निघावी लागते. निघतानाच बरोबरच्यांना सांगून ठेवावे, की आपल्यापैकी एकाने जरी "मागे फिरू" म्हटले, तरी सर्वांनी फिरायचे, आणि त्याला नंतर कोणी चिडवायचे नाही.

इरिलने आपल्यासाठी पाण्याची टाकी खोदून ठेवली. आपल्याकडून कोणी टाकी खोदण्याची अपेक्षा करीत नाही. आपल्यापायी कोणाला दरीत उतरावे लागू नये, एवढे जरी आपण सांभाळले, तरी या डोंगरांचे आपण चांगले पाहुणे ठरू. मी अजूनही दर पावसाळ्यात मुलांना घेऊन घाटघरला जातो. तो ओढा लागला की थांबतो, पाण्याचा रंग पाहतो, आणि मगच पुढचे पाऊल टाकतो. गेल्या काही वर्षांत दोनदा आम्ही तिथूनच परत आलो. नाणेघाट आपल्या जागीच आहे.